११-३४ची कॅसेट आणि तुळजापूरचा घाट: वापरून झाल्यावरचं मत

कॅसेट, म्हणजे सायकलच्या मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, घेण्याजोगी आहे. सोलापुरात राहायचं, आठवडाभर सपाटीवर सायकल हाणायची आणि मधूनमधून एखादा घाट चढायचा, अशा माणसासाठी रोड बाईकवर याच्याइतका वसूल होणारा खर्च मला दुसरा दिसत नाही. फक्त बसवायच्या आधी दोन-तीन गोष्टी तपासाव्या लागतात आणि बसवल्यावर चढायची पद्धत थोडी बदलावी लागते. पद्धत तीच ठेवून "पैसे घातले, फरक काही पडला नाही" म्हणणारे आमच्या ग्रुपमध्येही आहेत. त्यांच्यासाठीच हे जरा लांबलचक लिहितोय.

वस्तू म्हणजे शिमानोची ११ स्पीडची कॅसेट, मॉडेल सीएस-एचजी७००, सगळ्यात लहान चक्राला ११ दात, सगळ्यात मोठ्याला ३४. सायकलवर शिमानोचाच २०१८ साली आलेला १०५ आर७००० ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) आहे, पुढं पेडलपाशी ५० आणि ३४ दातांच्या दोन चेनरिंगची कॉम्पॅक्ट आणि मागं मुळात ११-२८. चालवणारा ७८ किलोचा, पन्नाशीला टेकलेला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, त्यामुळं सायकल पहाटेच. आठनंतर फोन सुरू होतात.

सोलापुरात चढ म्हणजे उड्डाणपूल. विजापूर रोडला जा, होटगी रोडला जा, हैदराबाद रोडला जा, सगळीकडं टेबलासारखी जमीन. आमच्याकडं दमवतो तो वारा. जून-जुलैत पश्चिमेचा वारा सुटला की मोहोळच्या दिशेनं जाताना सपाटीवरही घाम निघतो. अशा ठिकाणी पायांना एक सवय लागते: जड गिअर टाकायचा, दात-ओठ खायचे आणि रेटायचं. सपाटीवर ही सवय खपून जाते, कारण क्षणभर पाय थांबवले तरी सायकल पुढं जातच राहते. घाटात पाय थांबले की सायकलही थांबते.

आमचा जवळचा घाट तुळजापूरचा. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास, मध्ये ४५ किलोमीटर. चौपदरी रस्ता आहे. हिप्परग्याचा तलाव, उळे, तामलवाडी, माळुंब्रा असं करत जातो आणि मग बालाघाटाची कड समोर उभी राहते. आकडे ऐकून बाहेरचे हसतात. दोनशे मीटर म्हणजे काय, असं म्हणतात. पण हा रस्ता मधल्या मधल्यात डोळ्यांना सपाट दिसतो आणि गुपचूप चढत असतो, त्यामुळं घाटाच्या पायथ्याला पोचेपर्यंत पायातला निम्मा दम खर्च झालेला असतो. तिथून खरा चढ सुरू होतो, आणि शेजारून साखर किंवा सिमेंट भरलेला ट्रक आपल्याच वेगानं, आपल्यासारखाच घरघरत चढत असतो.

२८ दातांवर तिथं काय व्हायचं ते आकड्यांत सांगतो, म्हणजे ११-३४चा मुद्दा लगेच कळेल. पुढं ३४ आणि मागं २८ असताना पेडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढं जाते. मागं ३४ असेल तर जेवढं पेडल फिरेल तेवढंच चाक, म्हणजे दोन मीटर आणि वर दहा सेंटिमीटर. ताशी १० किलोमीटर वेगानं चढताना पहिल्यात मिनिटाला ६५ फेरे पडतात, दुसऱ्यात ७९. चढ आणखी उभा होऊन वेग ८ वर आला तर ५२ आणि ६३. वेग तोच, काम तेवढंच, फक्त दर फेऱ्याला पेडलवर लागणारा जोर १८ टक्क्यांनी कमी. मिनिटाला ५२ फेरे म्हणजे जिना चढणं झालं. गुडघा कुरकुरतो, मांडी भरून येते, आणि नंतर विश्रांती घेऊनही ती मोकळी होत नाही. ७५ फेऱ्यांना मांडी वाचते, दम मात्र जास्त लागतो. दम दोन मिनिटांत परत येतो. भरलेली मांडी परतीच्या ४५ किलोमीटरभर सोबत येते.

मागावर इंचातले पिक (आडवे धागे) बदलायचे तर चेंज व्हील बदलतात, मोटर कुणी बदलत नाही. इथंही तेच आहे. आमच्या जॉबरमामांना मी हे कौतुकानं सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "मालक, मागचं चाक मोठं केलं तर स्पीड कमीच होणार की. त्याला एवढं काय मोजालाव?" चाळीस वर्षं माग दुरुस्त केलेल्या माणसाला गिअर रेशो समजवायला जाऊ नये.

आता बसवण्याबद्दल, कारण जास्तीत जास्त लोक इथंच फसतात. ही कॅसेट हातात घेऊन सरळ सरकवली आणि निघालो, असं होत नाही.

पहिली गोष्ट मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग. आर७०००चा डिरेलर दोन प्रकारांत येतो. आखूड केजचा (केज म्हणजे चेन ताणून धरणारी खालची दांडी) एसएस ३० दातांपर्यंत चालतो, लांब केजचा जीएस ३४पर्यंत. शिवाय चेनचा ढिलेपणा किती गिळता येतो त्याचीही मर्यादा असते. हिशोब सोपा आहे: पुढच्या दोन चेनरिंगमधला फरक १६, मागच्या मोठ्या-लहान चक्रातला फरक २३, एकूण ३९. जीएसची मर्यादा बरोबर ३९, एसएसची ३५. माझ्या सायकलवर एसएस होता. एका दुकानात मला सांगण्यात आलं की मागचा बी-स्क्रू (डिरेलरला चक्रांपासून लांब ढकलणारा) आवळला की आखूड केजवरही ३४ बसतं, "सगळे तसंच करतात." बसतं हे खरं आहे. पण मग पुढं लहान, मागं लहान अशा गिअरवर चेन लोंबकळते, आणि चेन त्या बेतानं कापली तर पुढं मोठं, मागं मोठं टाकल्यावर ती ताणून डिरेलर आणि तो जिथं फ्रेमला अडकवलेला असतो तो हँगर, सगळं ओढून नेते. घाटात, दमलेल्या डोक्यानं, मोठं-मोठं चुकून पडतंच. मी त्या दुकानाला नमस्कार केला आणि जीएस डिरेलर वेगळा मागवला.

दुसरी गोष्ट १.८५ मिलिमीटरची चकती. ही ११-३४ मुळात जुन्या ८-९-१० स्पीडच्या रुंदीच्या फ्रीहबसाठी (चाकाचा तो भाग ज्यावर कॅसेट सरकवतात) केलेली आहे. ११ स्पीडच्या रोड फ्रीहबवर बसवायची तर कॅसेटच्या मागं आधी ती पातळ चकती घालावी लागते. ती विसरली की लॉकरिंग (कॅसेट जागी धरणारी बाहेरची कडी) पूर्ण आवळूनही कॅसेट हातानं हलवली तर खुळखुळते. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायची. अंदाजानं आवळणाऱ्यांना ते कमीच वाटतं, प्रत्यक्षात बराच जोर आहे.

तिसरी गोष्ट चेन. जुनी चेन २८च्या मापाची होती, ३४ला आखूड पडली असती. पुढं मोठी, मागं मोठं असं डिरेलर वगळून चेन गुंडाळून बघायची आणि वर दोन-तीन कड्या जास्त ठेवायच्या. कॅसेट नवी तर चेनही नवीच घ्या, झिजलेली चेन नव्या दातांवर उड्या मारते.

कॅसेट, डिरेलर, चेन आणि मजुरी धरून मला बारा-तेरा हजार लागले. डिरेलर आधीपासून जीएस असेल तर निम्म्यात भागेल.

घाटातला अनुभव. पहिल्यांदा ३४ पडला तेव्हा पाय रिकामे फिरल्यासारखे वाटले. सपाटीवर जड गिअर रेटणाऱ्याला हे फार विचित्र वाटतं, आणि आपोआप तो वेग वाढवतो. तिथंच सगळं बिनसतं. हलका गिअर मिळाला म्हणजे त्याच गिअरात पळायचं नसतं, तो घाटाच्या उभ्या तुकड्यासाठी राखायचा असतो. पायथ्याला ३४वर जायचंच नाही. २३ किंवा २५वर सुरुवात करायची, जितकं सहज वाटतंय त्याहून थोडं सावकाश. माझी कसोटी साधी आहे. "आई राजा उदो उदो" एका दमात म्हणता आलं पाहिजे. मध्ये श्वास घ्यावा लागला की वेग जास्त आहे. आमच्यातला एकजण ती आरोळी पायथ्यालाच मोठ्यांदा ठोकतो आणि निम्म्या घाटात मुका होतो.

गिअर बदलायची वेळ चढ लागायच्या आधी. हे सगळे सांगतात, पण पुढच्या चेनरिंगबद्दल कुणी नीट सांगत नाही. ५०वरून ३४वर उतरलं की पाय एकदम सुटतात, दोन-चार फेरे हवेत जातात, वेग मरतो. म्हणून पुढं उतरताना त्याच वेळी मागं तीन चक्रं लहानाकडं जायचं. ५०-२३वर होतो तर ३४-१७वर यायचं, पायाला जवळजवळ तोच जोर लागतो. मग तिथून एकेक मोठं चक्र घेत जायचं. दोन्ही हातांचं हे एकत्र काम जमायला आठवडाभर होटगी रोडवर सराव करा, घाटात शिकायला जाऊ नका.

या कॅसेटवर शेवटच्या दोन उड्या मोठ्या आहेत: २७वरून ३०, ३०वरून ३४. पूर्ण जोर लावून पेडल दाबत असताना तिथं गिअर टाकला तर कडाड आवाज येतो आणि पोटात गोळा येतो. अर्धा फेरा पाय सैल सोडायचा, गिअर टाकायचा, चेन बसली की पुन्हा जोर. यासाठी थोडा वेग हाताशी असावा लागतो. म्हणजे अगदी थांबायला आल्यावर ३४ शोधायचं नाही, त्याच्या दहा पेडल आधी शोधायचं.

बसून की उभं राहून, यावर आमच्याकडं चहाच्या टपरीवर भांडणं होतात. माझं मत बसून. उभं राहिलं की शरीराचं वजन सीटऐवजी पायांवर येतं, ठोका वाढतो, तेवढ्याच वेगाला जास्त दम लागतो. पण पूर्ण घाट बसूनही काढू नये, कंबर आखडते. वळणावर जिथं चढ उभा होतो तिथं वीस-तीस पेडल उभं राहायचं. आणि इथं ३४ची एक गंमत आहे. ३४वर असताना तसंच उभं राहिलं तर पाय खाली सटकन जातात, तोल जातो. उभं राहायच्या आधी ३०वर, जमल्यास २७वर यायचं, मग उठायचं. खाली बसताना उलट. उठताना पेडल खाली दाबत सायकल पुढं ढकलत उठायचं, नाहीतर ती क्षणभर मागं येते आणि मागच्याचं पुढचं चाक आपल्या चाकाला घासतं.

बसलेलं असताना हात वरच्या आडव्या दांड्यावर किंवा हूड्सवर (ब्रेकच्या मुठींवर), कोपरं सैल, खांदे कानापासून लांब. चढ उभा झाला की सीटवर बोटभर मागं सरकायचं, मांडीला चांगला रेटा मिळतो. हँडल आवळून धरणारे लोक घाटाच्या शेवटी पायांपेक्षा खांद्यांची तक्रार करतात, ते यामुळंच.

उन्हाचं वेगळं सांगायला पाहिजे. ताशी ३०ला अंगाला वारा लागतो, १०ला लागत नाही. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडतो आणि घाटातला डांबरी रस्ता तव्यासारखा असतो. सातपर्यंत माथ्यावर पोचायचं, त्यासाठी घरून चारला निघावं लागलं तरी. पायथ्याला थांबून अर्धी बाटली पोटात घालायची. वर वाहून न्यायच्या ७५० मिलिलिटरचं वजन पाऊण किलो होतं, आणि ही कॅसेट जुनीपेक्षा शंभरेक ग्रॅम जड आहे म्हणून लोक नाक मुरडतात!

त्या शंभर ग्रॅमचा हिशोबही करून टाकू. मी, सायकल, पाणी, पंप मिळून ९० किलो. चढावर वेळ साधारण एकूण वजनाच्या प्रमाणात जातो. वीस मिनिटांच्या चढाला शंभर ग्रॅमनं सव्वा सेकंद जास्त लागेल. लाखाची कार्बनची चाकं घेऊन एक किलो वाचवलं तर तेरा सेकंद वाचतील. रात्रीची एक कडक भाकरी आणि शेंगाचटणीवरचं तेल कमी केलं तर तेवढंच होईल, पण ते सोलापूरकराला सांगून उपयोग नाही.

दुसरी तक्रार ऐकू येते ती गिअरमधल्या अंतराची. ११-३४ सपाटीवर 'तुटक' वाटते म्हणे. दोन्ही कॅसेटचे दात शेजारी शेजारी ठेवून बघा. जुनी: ११, १२, १३, १४, १५, १७, १९, २१, २३, २५, २८. नवी: ११, १३, १५, १७, १९, २१, २३, २५, २७, ३०, ३४. पंधरापासून पंचवीसपर्यंत दोन्ही अगदी सारख्या! गेले ते फक्त १२ आणि १४. पुढं ५०, मागं १५ आणि मिनिटाला ९० फेरे म्हणजे ताशी ३८ किलोमीटर. त्याच्या खाली चालवणाऱ्याला फरक कळायचं कारणच नाही. रविवारी ग्रुपमध्ये पाठीशी वारा घेऊन चाळीसनं पळताना मात्र १४ची आठवण येते, हे कबूल. १५ला पाय भरभर फिरतात, १३ला जड जातं. रेस लावणाऱ्यांना हे खटकेल. मला त्या वेगात फार वेळ टिकताच येत नाही, त्यामुळं प्रश्न मिटला.

वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटातही ही कॅसेट नेली. तिथं साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरची चढाई एका दमात आहे, तुळजापूरसारखी तुकड्यातुकड्यानं नाही. अशा लांब घाटात ३४ जितका वापरला जातो त्याहून जास्त ३०. ३४ शिल्लक आहे एवढं माहीत असलं की माणूस ३०वर निवांत चढतो. २८च शेवटचा असताना पहिल्याच वळणावर तो संपलेला असायचा आणि मग पुढचा सगळा वेळ आणखी एक गिअर असता तर, यातच जायचा.

देखभालीला एक आमच्या गावचा मुद्दा. कारखान्यात सायकल ठेवत असाल तर रुईचा कचरा चेनच्या तेलात चिकटतो आणि मोठ्या चक्रांच्या फटीत बसतो. ३४चं चक्र मोठं असल्यामुळं जरा जास्तच बसतो. जुन्या टॉवेलची पट्टी दोन चक्रांमध्ये घालून पुढं-मागं ओढली की निघतो. टॉवेलचा तुटवडा सोलापुरात कुणालाच नाही. तेल कमी आणि बाहेरून पुसून.

घेऊ नये कुणी? ज्यांची सायकल १० स्पीडची आहे त्यांनी ही नव्हे, त्यांना १० स्पीडची वेगळी ११-३४ मिळते. ज्यांच्याकडं ११-३० आधीपासून आहे आणि वजन साठ-पासष्ट किलो आहे, त्यांनी खर्च करायची घाई करू नये. जे फक्त सपाटीवर चालवतात त्यांनाही गरज नाही. ऐंशी किलोच्या पुढचे, गुडघ्याची कुरकुर सुरू झालेले, आणि घाटावर देवीला सायकलनं जायची हौस असणारे, यांनी डोळे झाकून घ्यावी. नवरात्रात आणि कोजागरीला मात्र तो रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांचा असतो, तेव्हा सायकल घरी ठेवा.

ऑर्डर द्यायच्या आधी मागच्या डिरेलरच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात कोरलेला मॉडेल नंबर टॉर्च मारून वाचा. त्या नंबरच्या शेवटी जीएस असेल तर फक्त कॅसेट, चकती आणि चेन मागवा. एसएस असेल तर डिरेलरही यादीत घाला, आणि दुकानदाराला बी-स्क्रूबद्दल काही विचारू नका.